कॅसेटमधली अर्धी चित्रं

(मंडळाच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी दिलेल्या भाषणाचा मजकूर)

 

दरवर्षी या दिवशी मुंबईहून नाहीतर पुण्याहून कोणीतरी वक्ते येतात. यंदा समितीने घरचाच माणूस उभा केला, त्यामुळे मंडळाचं गाडीभाडं वाचलं. आरती आठ वाजता आहे आणि प्रसादाला आज मोदक आहेत हे मलाही माहीत आहे, तेव्हा मुद्द्यावर येतो.

गेल्या वर्षी याच सभागृहात, याच पडद्यावर आपण मंडळाचं जुनं चित्रीकरण दाखवलं होतं. १९९१ ची विसर्जन मिरवणूक. कॅमेरावाल्याच्या मागे हॅलोजनचा दिवा आणि लांबलचक वायर घेऊन पळणारा पोरगा, तो बऱ्याच जणांना आठवत असेल. मूर्ती ट्रकवर स्थिर होती तोपर्यंत चित्र छान दिसत होतं. मग लेझीम सुरू झालं, हात हलायला लागले, आणि हातांच्या कडांना दात फुटले. फणीचे असतात तसे. म्हणजे विणकामातली फणी नव्हे, केस विंचरायची. मागून एक मुलगा ओरडला, "काका, हे फाटलंय!" आणि सगळे हसले.

लेझीमच्या त्या पहिल्या रांगेतले तिघे आज आपल्यात नाहीत. त्यांतल्या एका घरच्या वहिनी माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "कॅसेट खराब झाली वाटतं. तीस वर्षांच्या वर झाली, किती टिकणार?" कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळी विषय निघाला की मंडळाच्या कपाटात अशा अकरा कॅसेट आहेत, त्या आता ठेवून काय करायच्या. पेन ड्राइव्हमध्ये सगळं आलेलंच आहे. नवरात्रीच्या साफसफाईत पस्तीवाल्याला देऊन टाकू.

मी त्या दिवशी गप्प बसलो, कारण मलाही नीट ठाऊक नव्हतं. आज ठाऊक आहे, म्हणून उभा आहे. ती कॅसेट खराब झालेली नाही. दात कॅसेटला फुटलेले नाहीत, ते आपण चित्र काढून घेताना फुटले. कॅसेटमध्ये जेवढं आहे तेवढं आपण गेल्या वर्षी पाहिलंच नाही. हे का, ते समजायचं तर जुना टीव्ही चित्र कसं काढायचा ते थोडं बघावं लागेल.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि नोकरी लागली राज्य सरकारच्या खात्यात, जिथे इलेक्ट्रॉनिक्सचा संबंध फक्त बिघडलेल्या प्रिंटरशी येतो. डिप्लोमाच्या पेपरात 'इंटरलेसिंग म्हणजे काय' हा चार मार्कांचा ठरलेला प्रश्न असायचा. व्याख्या पाठ केली, चार मार्क घेतले आणि विसरून गेलो. त्या चार मार्कांचं व्याज आता भरतो आहे.

जुना टीव्ही म्हणजे मागे पोट असलेला, काचेच्या नळीचा. त्या काचेला आतून एक लेप असतो. त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत पडला की तेवढा ठिपका उजळतो. झोत एकच असतो, निदान कृष्णधवल टीव्हीत. तो एका वेळी एकाच ठिकाणी पडतो. म्हणजे पडद्यावर संपूर्ण चित्र असं एका क्षणी कधीच नसतं. झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ ओढतो, झटकन मागे येतो, जरा खाली सरकून दुसरी ओळ ओढतो. शेतात नांगर चालतो तसंच. ही उपमा माझी नाही. फायलो फार्न्सवर्थ नावाचा अमेरिकन मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा असताना बटाट्याच्या शेतात नांगरणी करत होता. तासामागून तास पडताना पाहून त्याला सुचलं की चित्रसुद्धा असंच ओळीओळीने कापून पाठवता येईल, असं सांगतात. सप्टेंबर १९२७ मध्ये त्याने सॅन फ्रान्सिस्कोत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पहिलं चित्र पाठवून दाखवलं. ते चित्र काय होतं? एक रेघ. नुसती सरळ रेघ. आपल्यापैकी ज्यांच्या आजोबांनी खानदेशात नांगर धरला त्यांना त्या मुलाला काय दिसलं असेल ते मी सांगायला नको.

आपल्याकडे एका चित्राच्या ६२५ ओळी ठरल्या होत्या. १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत टीव्ही सुरू झाला, २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं, १९८२ च्या आशियाई खेळांच्या वर्षी रंग आले, तरी ६२५ तेच राहिले. त्यांतल्या ५७६ ओळींत प्रत्यक्ष चित्र. उरलेला वेळ झोताला खालून पुन्हा वर जायला लागतो. आणि सेकंदाला अशी पूर्ण चित्रं २५. गुणाकार केला तर सेकंदाला १५,६२५ ओळी होतात. जुना टीव्ही चालू असला की एक बारीक चिर्र आवाज यायचा, मुलांना ऐकू यायचा आणि आजोबांना यायचा नाही, तो याच ओळी ओढण्याच्या वेगाचा आवाज.

आता अडचण अशी की सेकंदाला २५ वेळा उजेड गेला-आला तर डोळ्याला तो सरळ लुकलुकताना दिसतो. अर्ध्या तासात डोकं धरतं. सिनेमावाल्यांना ही अडचण आधीच आली होती. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं, पण प्रोजेक्टरमधली पाती एकच चित्र दोनदा दाखवते, म्हणजे ४८ वेळा उजेड होतो आणि डोळा फसतो. टीव्हीला ही युक्ती जमेना, कारण टीव्हीत चित्र धरून ठेवायला फिल्मच नाही. झोत तळाशी पोहोचेपर्यंत वरच्या ओळी विझलेल्या असतात. मग सेकंदाला ५० पूर्ण चित्रं पाठवावी म्हटलं तर हवेतून जाणारा माल दुप्पट होतो. आपल्या पद्धतीत एका वाहिनीला ७ मेगाहर्ट्झची जागा मिळायची आणि त्यात चित्राच्या वाट्याला ५. दुप्पट चित्रांना दहा लागले असते. म्हणजे दोन बिऱ्हाडांच्या जागेत एकच बिऱ्हाड.

तेव्हा इंजिनिअरांनी जी तोड काढली तीच इंटरलेसिंग. एका फेरीत सगळ्या ओळी ओढायच्याच नाहीत. आधी १, ३, ५, ७ अशा विषम ओळी ओढायच्या. त्याला लागतो सेकंदाचा पन्नासावा भाग. मग परत वर जाऊन मोकळ्या राहिलेल्या जागेत २, ४, ६, ८. आणखी एक पन्नासावा भाग. पडदा सेकंदाला ५० वेळा उजळतो, लुकलुक जाते, आणि पाठवायचा माल तेवढाच राहतो.

सुरतच्या माणसाला हे समजायला पुस्तक लागत नाही. माझे काका उधन्याला लूमवर होते. लहानपणी त्यांना डबा द्यायला जायचो तेव्हा त्या खडखडाटात उभं राहून बघायचो. साध्या विणीत काय होतं? आधी एकाआड एक तार वर उचलली जाते, धोटा इकडून तिकडे जातो. मग वरच्या तारा खाली, खालच्या वर, आणि धोटा परत. विषम, सम, विषम, सम. कापड एकसंध दिसतं, पण ते दोन अर्ध्या हालचालींचं बनलेलं असतं. इंग्रजीत 'इंटरलेस' हा शब्द धाग्यांच्या गुंफणीलाच वापरतात. एक फरक मात्र लक्षात ठेवा, तो पुढे कामाला येणार आहे: लूमवर पहिला धागा कापडात कायमचा बसतो. टीव्हीच्या काचेवर दुसरी अर्धी फेरी येईपर्यंत पहिली विझून गेलेली असते.

आता मला या सगळ्यात सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट सांगतो, आणि ती कॅसेटच्या कामाची नसली तरी सांगणार आहे. झोताला कोण सांगतं की आत्ता विषम ओळींवर जा, आता सम ओळींवर जा? कोणीच नाही. ६२५ हा आकडा विषम आहे, त्यातच सगळं आहे. ६२५ चे दोन भाग केले तर होतात साडेतीनशे... नाही, चुकलो, साडेतीनशे बारा म्हणायला निघालो होतो. ३१२ आणि अर्धी ओळ. पहिली फेरी अर्ध्या ओळीवर संपते. त्यामुळे दुसरी फेरी वर जाऊन सुरू होते ती ओळीच्या मध्यापासून, आणि झोत जरा जरा खाली उतरत असल्यामुळे अर्ध्या ओळीच्या फरकाने त्या सगळ्या ओळी आपोआप आधीच्या ओळींच्या मधल्या फटीत जाऊन पडतात. वेगळं बटण नाही, वेगळं यंत्र नाही. नुसता विषम आकडा. इंग्लंडमध्ये ४०५ ओळी होत्या, अमेरिकेत ५२५, आपल्याकडे ६२५. तिन्ही विषम. हा योगायोग नाही, हे मला डिप्लोमाला कोणी सांगितलं असतं तर मी तो प्रश्न विसरलो नसतो.

ही कल्पना कोणा एकाची म्हणता येत नाही. जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीच्या फ्रिट्झ श्रोटर यांनी १९३० मध्ये पेटंट मागितलं, अमेरिकेत आरसीए कंपनीच्या रँडॉल बॅलार्ड यांनी १९३२ मध्ये. कस लागला तो लंडनला. नोव्हेंबर १९३६ मध्ये बीबीसीने टीव्ही सुरू केला तेव्हा दोन पद्धती आळीपाळीने चालवून पाहिल्या: बेअर्ड यांची २४० ओळींची, सेकंदाला २५ सलग चित्रांची, आणि मार्कोनी-ईएमआयची ४०५ ओळींची, गुंफलेली. तीन महिन्यांत निकाल लागला आणि बेअर्ड यांची पद्धत बंद झाली. सेकंदाला ५० हा आकडा विजेमुळे आला. तिकडे आणि आपल्याकडे घरातली वीज ५० हर्ट्झची. अमेरिकेत ६०, म्हणून त्यांच्याकडे साठ अर्धी चित्रं.

इथपर्यंत सोपं आहे. आता एक गोष्ट, जी मीसुद्धा वीस-पंचवीस वर्षं चुकीची समजत होतो. मला वाटायचं, कॅमेरा सेकंदाला २५ फोटो काढतो आणि प्रत्येक फोटोचे दोन तुकडे करून पाठवतो. तसं नाही. व्हिडिओ कॅमेरासुद्धा टीव्हीसारखाच चालतो. विषम ओळी तो आत्ता टिपतो, आणि सम ओळी पुढच्या क्षणी, पन्नासाव्या भागानंतर. म्हणजे ते एकाच फोटोचे दोन तुकडे नाहीत, ते दोन वेगळ्या क्षणांचे दोन अर्धे फोटो आहेत. सेकंदाला २५ क्षण नाहीत, ५० आहेत.

लेझीम खेळणाऱ्याचा हात सेकंदाला दोन मीटर वेगाने गेला असं धरा. पन्नासाव्या भागात तो चार सेंटिमीटर सरकतो. विषम ओळींत हात एका जागी आहे, सम ओळींत चार सेंटिमीटर पुढे. जुन्या टीव्हीवर याचा काही त्रास नव्हता, कारण सम ओळी उजळेपर्यंत विषम ओळी विझलेल्या. डोळ्याला हात सरळ सरकताना दिसायचा, आणि तोही पन्नास पायऱ्यांनी, सिनेमापेक्षा जास्त सफाईने. पण आपला आजचा एलसीडी टीव्ही, मोबाइल, हा प्रोजेक्टर, हे सगळे म्हणजे कापड. त्यांच्यावर सगळ्या ओळी एकदम दिसतात आणि एकदम टिकतात. दोन क्षणांचे धागे एकाच ताक्यात विणले की हाताची एक ओळ इथे, पुढची चार सेंटिमीटर तिथे, पुन्हा एक इथे. तेच फणीचे दात. मूर्ती हलत नव्हती म्हणून तिला दात फुटले नाहीत. ओरडणाऱ्या मुलाने बरोबर ओळखलं होतं. फक्त फाटलं काय ते त्याला माहीत नव्हतं.

कॅसेटकडे या. व्हीएचएस कॅसेटमध्ये फीत अर्धा इंच रुंद असते. व्हीसीआरच्या पोटात एक चकचकीत ढोल तिरका बसवलेला असतो आणि तो सेकंदाला २५ फेरे फिरतो. ढोलावर समोरासमोर दोन हेड. प्रत्येक हेड फितीवर एक तिरकी रेघ ओढतो, आणि एका रेघेत बरोबर एक अर्धं चित्र मावतं. सेकंदाला ५० रेघा. तीन तासांच्या कॅसेटमध्ये साधारण २५० मीटर फीत आणि त्यावर अशा पाच लाख चाळीस हजार तिरक्या रेघा. आठवतं का, लग्नाची कॅसेट बघताना "थांबव, थांबव, मी दिसतेय" म्हणून पॉज दाबला की चित्र थरथरायचं? तेव्हा व्हीसीआर जागच्या जागी तीच एक-दोन रेघ पुन्हा पुन्हा वाचत असायचा.

तर मंडळी, या पाच लाख चाळीस हजार रेघांचं काय करायचं हे कॅसेट कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्याच्या हातात असतं. त्याने दोन-दोन रेघा तशाच एकमेकींत विणल्या आणि तेच चित्र कायमचं गोठवलं तर गेल्या वर्षीसारखे दात. दोन्ही एकमेकींत मिसळून पुसट केल्या तर दात जातात, पण हलणाऱ्या प्रत्येक माणसाला भूत लागल्यासारखी दुसरी सावली येते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे एक रेघ ठेवायची आणि एक फेकून द्यायची. दात नाहीत, भूत नाही, चित्र स्वच्छ वाटतं. गिऱ्हाईक खूश. अर्धं चित्रीकरण मात्र कचऱ्यात.

हे तिसरं आमच्या घरी झालं आहे.

ताईचं लग्न १९९६ चं. दोन कॅसेट होत्या. बाबा २००८ मध्ये गेले. त्यानंतर दोन वर्षांनी आईला ते लग्न बघावंसं वाटलं तर व्हीसीआर चालेना. मी एका दुकानात कॅसेट दिल्या, आठवड्याने डीव्हीडी मिळाली. दुकानदाराने विचारलं, कॅसेट परत हव्यात का? मी त्या घरी आणल्या, आणि दिवाळीच्या साफसफाईत आईने विचारलं तेव्हा मीच म्हटलं, दे पस्तीत, डीव्हीडी आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला मुलगा, त्याचं ऐकणारच ती.

त्या डीव्हीडीत कन्यादानाच्या वेळी बाबांचा चेहरा जवळून घेतलेला आहे. त्यांचा चष्मा बारीक सोनेरी काडीचा होता. डीव्हीडीत चष्म्याची वरची कड मधूनच गायब होते. आईच्या पैठणीच्या काठातली बारीक जरीची आडवी रेघसुद्धा तशीच, आहे आणि नाही. मी बरीच वर्षं समजत होतो की कॅमेरा साधा होता. गेल्या वर्षी या लेझीमच्या भानगडीच्या मागे लागलो तेव्हा कळलं. जी वस्तू एका ओळीएवढी बारीक आहे ती एकाच अर्ध्या चित्रात पडते. म्हणूनच जुन्या टीव्हीवर साडीचे बारीक काठ चमचमायचे. ते अर्धं चित्र फेकलं की ती वस्तू गेली. ५७६ ओळींतल्या २८८ ठेवून त्या ताणून दुप्पट केल्या होत्या. दर सेकंदाला बाबांचे पन्नास क्षण होते, त्यांतले पंचवीस राहिले, आणि तेही अर्ध्या ओळींचे. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला कोणी शिकवलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. फीत हातात असती तर आज पुन्हा काढता आली असती. ती नाही.

म्हणून मंडळाच्या अकरा कॅसेट मी समितीकडून मागून घेतल्या. चालू व्हीसीआर मिळवायलाच दोन महिने गेले. जगात व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी जपानची फुनाई. तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आता आहेत ती यंत्रं आहेत, त्यांच्या हेडची झीज भरून निघणार नाही. एका सभासदांच्या माळ्यावर एक सापडला, रबरी पट्टा बदलून चालू केला. अकरांपैकी नऊ कॅसेट चांगल्या वाचल्या गेल्या. एक, ऑगस्ट २००६ च्या पुरात ज्यांच्या तळमजल्यावर होती, तिच्यात चिखल गेलेला आहे. उकईचं पाणी कुठे कुठे शिरलं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. एकीच्या फितीवर पांढरी बुरशी आहे. या दोन मी यंत्रात घातलेल्याच नाहीत. तुम्हीही घालू नका. झाकण वर करून फितीच्या गुंडाळीवर पांढरे डाग दिसले तर ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी लागते, नाहीतर ती फीतही जाते आणि व्हीसीआरचे हेडही, आणि त्यामागून घातलेल्या दुसऱ्याच्या कॅसेटलाही लागण होते.

माझा पहिला प्रयत्न फसला तोही सांगतो. सगळ्या रेघा जपून घेतल्या, पन्नासच्या पन्नास वेगळ्या दाखवल्या, आणि लेझीमवाले दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे असे थरथरत निघाले. माझा मुलगा म्हणाला, "बाबा, लेझीम असंच खेळतात ना?" खरं कारण असं की आधी विषम ओळी की आधी सम, हे कॉम्प्युटरला सांगावं लागतं. उलटं सांगितलं की क्षणांचा क्रम २, १, ४, ३, ६, ५ असा होतो. आपल्याकडे २००३ सालची एक छोटी डिजिटल कॅसेट आहे, मिनीडीव्ही. तिचा क्रम मी व्हीएचएससाठी वापरलेल्या क्रमाच्या उलटा निघाला. एक खूण बदलली आणि माणसं सरळ चालू लागली.

तुमच्या घरी कॅसेट असतील, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या माळ्यावर आहेत, तर दुकानात देताना एवढं बोला. चित्र ७२० बाय ५७६ मध्ये, इंटरलेस्ड आहे तसंच, घेऊन द्या, आणि ती मूळ फाइल मला हवी आहे. डीव्ही प्रकारात ती तासाला १३ जीबीच्या आसपास भरते. तीन तासांची कॅसेट जर कोणी एक-दीड जीबीत दिली तर समजा की काहीतरी फेकलेलं आहे. मोबाइलवर बघायला वेगळी हलकी प्रत करा, ती सेकंदाला ५० चित्रांची करायला सांगा. २५ म्हणाला तर का म्हणून विचारा. घरीच आधी तपासायचं असेल तर व्हीएलसी नावाचा फुकटचा प्लेअर आहे, त्यात व्हिडिओच्या यादीत 'डीइंटरलेस' आहे, पद्धत 'याडिफ टू-एक्स' निवडा. फाइल नीट घेतलेली असेल तर दात तिथल्या तिथे जातात. जात नसतील तर ते चित्रात गोठलेले आहेत. आणि कॅसेट परत आणा. काहीही झालं तरी परत आणा, उभी ठेवा, कोरड्या जागी ठेवा. पुढच्या दहा वर्षांत कदाचित आणखी चांगली पद्धत निघेल, पण ती फितीतूनच काढता येईल, डीव्हीडीतून नाही.

कोणी म्हणेल, ही जुनी पद्धत गेली, आता कशाला डोकं लावायचं. गेली कुठे? घरच्या सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये '१०८० आय' लिहिलेलं दिसेल. तो 'आय' म्हणजे इंटरलेस्ड. आपल्याकडच्या कितीतरी एचडी वाहिन्या आजही अर्धी-अर्धी चित्रं पाठवतात आणि तुमचा टीव्ही बिचारा आतल्या आत ती जुळवत बसतो. तो हे काम बरं करतो. क्रिकेटचा चेंडू दातेरी दिसत नाही यावरून ते कळतं.

आणखी एक, विषय निघालाच आहे म्हणून. १९८७ च्या जानेवारीत रामानंद सागर यांचं रामायण सुरू झालं तेव्हा मी शाळकरी होतो. रविवारी सकाळी साडेनऊला शेजारच्या घरात पन्नास माणसं. त्याचं चित्रीकरण आपल्या शेजारी उंबरगावला चालू होतं, सुरतहून मुंबईकडे जाताना गाडी थांबते तिथे, आणि आम्हाला ते कितीतरी दिवस खरं वाटायचं नाही. अँटेना फिरवायला गच्चीवर एक भाऊ, खिडकीत एक, "आलं का? आलं... गेलं!" असा आवाज. ते रामायण आपल्यापर्यंत ६२५ ओळींत आणि ५० अर्ध्या चित्रांतच आलं. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ते पुन्हा दाखवलं तेव्हा तुम्ही एलसीडीवर पाहिलंत, कारण मूळ चित्रीकरण कोणीतरी सांभाळून ठेवलं होतं. आपल्या लेझीमच्या रांगेसाठी दूरदर्शन येणार नाही. ते कपाट आपलं आहे आणि किल्ली चिटणिसांकडे आहे.

मी समितीला विनंती केली आहे की दसऱ्यानंतरच्या दोन रविवारी सकाळी दहा ते एक या सभागृहात व्हीसीआर मांडून बसू. ज्यांच्याकडे कॅसेट आहेत त्यांनी त्या आणाव्यात. पैसे नाहीत, फक्त स्वतःची हार्ड डिस्क आणा. व्हीसीआर एकच आहे आणि कॅसेट जेवढी लांब तेवढाच वेळ लागतो, तो कमी करता येत नाही. म्हणून चिटणिसांकडे नाव नोंदवा. ज्येष्ठांच्या कॅसेट आधी घेऊ. आणि कॅसेटबरोबर घरातलं एखादं माणूस यावं, जे पडद्यावर बघून सांगेल की हा कोण, ही कोण. तीन-चार चेहरे आम्हाला १९९१ च्या फितीतसुद्धा ओळखता आले नाहीत.

बस, झालं. आठला दहा मिनिटं आहेत. गेल्या वर्षीचीच मिरवणूक, तोच प्रोजेक्टर, तीच कॅसेट. फक्त या वेळी सगळे पन्नास क्षण आहेत. पहिल्या रांगेत डावीकडून दुसरे, त्यांच्याकडे बघा, वहिनी. कोणीतरी मागचे दिवे घालवा.

(यानंतर १९९१ च्या विसर्जन मिरवणुकीचं सहा मिनिटांचं चित्रीकरण दाखवण्यात आलं.)